चावी भिजली तर आधी सेल काढ

बाळा, गाडीची चावी पाण्यात पडली की बाहेर काढल्या काढल्या माणसाचा अंगठा आपसूक बटणावर जातो. चालतंय का बघूया, एवढंच मनात असतं. तिथंच घात होतो. भिजलेल्या चावीचं बटण दाबायचं नाही. पाणी झटकायचं, रुमालानं पुसायची आणि आधी आतला सेल काढायचा. बाकी सगळं नंतर. सेल बाहेर आला की निम्मं काम झालं, आणि तिथून पुढं तुला घाई करायचं कारण उरत नाही.

हे आत्ताच लिहून ठेवतोय, कारण आक्का फोनवर म्हणाली, उन्हाळ्यात यात्रेला येणार आहात आणि यात्रा झाली की पोरांना घेऊन गुहागरला जाणार आहात. रस्ता सोपा आहे. विट्यावरून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता धरायचा. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढं समुद्र. आपल्या दुष्काळी माळावरून निघालेली गाडी वळण न चुकता खाऱ्या पाण्यापर्यंत जाते. पोरं पाण्यात शिरली की बाप शिरतोच, आणि चावी हाफ पँटच्या खिशात राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. चावीचा त्याहून मोठा वैरी नाही.

सेल आधी का, हे गलाईवाल्याच्या पोराला समजायला वेळ लागायचा नाही. आपण चांदीमिश्रित सोनं नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतो. चांदी विरघळते, सोनं काळपट भुकटी होऊन तळाला बसतं. मग त्या चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की पट्टीवर करड्या चांदीचा लगदा धरायला लागतो आणि पाणी हळूहळू निळं होत जातं. तांबं पाण्यात उतरलं, चांदी पट्टीवर आली. धातू ओल्या वाटेनं इकडचा तिकडं जातो, हे तू लहानपणापासून डोळ्यांनी बघतोयस. चावीच्या आत तेच होतं. आतल्या हिरव्या पट्टीवर तांब्याच्या केसाएवढ्या रेषा असतात, एकमेकींपासून जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर लांब. सेलची 3 व्होल्ट वीज त्या रेषांत खेळत असते आणि मधे ओल आली की एका रेषेचं तांबं झिजून दुसऱ्या रेषेकडं सरकायला लागतं. त्याचीच ती हिरवी-पांढरी पुटं. सेल काढला की ही क्रिया जवळजवळ थांबते. नुसत्या ओलीनं होणारा गंज सावकाश येतो. ओल आणि वीज एकत्र आली की काही मिनिटांत काम तमाम होऊ शकतं.

आणि खरा गुन्हेगार पाण्यातलं मीठ आहे, हेही तुला पटवून द्यायला नको. आपल्या बोअरच्या पाण्याचा थेंब चांदीच्या पाण्यात टाकला की पांढरं गढूळ होतं. डिस्टिल्ड वॉटर टाकलं तर नितळ राहतं. दिसायला दोन्ही सारखीच स्वच्छ. अगदी शुद्ध पाणी वीज फारशी नेत नाही. त्यात विरघळलेले क्षार वीज नेतात, आणि पाणी उडून गेलं तरी ते क्षार मागं राहतात. म्हणून चावी वाळली म्हणजे सुटली असं नाही. पुढच्या पावसाळ्यात हवेतली ओल ते मीठ ओढून घेतं आणि आत पुन्हा तेच सुरू होतं. बऱ्याच जणांची चावी भिजल्यानंतर महिनाभर नीट चालते आणि मग एकाएकी बंद पडते. त्यांना वाटतं सेल संपला. नवा सेल घालतात, तरी चालत नाही.

आता उघडायची कशी. चावीच्या कडेनं नख फिरवलंस की कुठंतरी एक बारीक खाच लागते. बटण दाबल्यावर पातं उसळून बाहेर येतं अशी चावी असेल तर आधी पातं उघड, खाच बहुतेक त्याच्या बाजूला सापडते. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीची चावी असेल तर तिच्या अंगावर एक छोटा खटका असतो. तो सरकवला की आतलं लोखंडी पातं निघतं आणि त्या पात्याच्या घराच्या तोंडाशीच उघडायची जागा असते. काही चाव्यांना बारीक स्क्रू असतो, तो आधी काढ. खाचेत एक रुपयाचं नाणं पातळ कापडात गुंडाळून घाल आणि पिळ. उचकटू नकोस. पिळलं की दोन्ही टरफलं अलगद सुटतात, उचकटलं की कडा तुटतात आणि मग ती चावी पुन्हा कधी घट्ट मिटत नाही. हे सगळं स्टीलच्या ताटात पांढरा कपडा पसरून कर, म्हणजे स्क्रू घरंगळून जायचा नाही. उघडल्यावर कशालाही हात लावायच्या आधी मोबाईलवर एक फोटो काढ: सेलची कोणती बाजू वर होती, रबर कसं बसलं होतं, पट्टी कोणत्या अंगानं होती. सेल नखानं किंवा लाकडी काडीनं उचल. लोखंडी चिमट्यात दोन्ही तोंडं धरलीस तर तिथल्या तिथं शॉर्ट होतो.

इथं एक गोष्ट जिवापाड जप. पात्याच्या बऱ्याच चाव्यांत तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी किंवा काळ्या रंगाचा नखाएवढा तुकडा वेगळा बसवलेला असतो. दिसायला प्लास्टिकचा कचरा वाटतो. तीच गाडीची खरी ओळख. तिच्यात सेल लागत नाही. चावी लॉकमध्ये घातली की लॉकभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच इंजिन धरतं. याला इमोबिलायझर म्हणतात. युरोपात 1998 पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि आपल्याकडच्या गाड्यांतही तो आता सर्रास येतो. हा तुकडा ताटातून उडून मोरीत गेला, तर रिमोट लखलखीत चालेल, दारं उघडतील, पण गाडी सुरू होणार नाही. चाव्यांची नवी कव्हरं बदलून घेतानाही हेच होतं. जुनं कव्हर फेकून देतात आणि तुकडा त्यातच राहतो. तेव्हा चावी उघडलीस की पहिल्यांदा हा तुकडा कुठं आहे ते बघ. चिकटवलेला असेल तर उपसू नकोस, जागच्या जागी राहू दे. सुटा असेल तर वाटीत काढून ठेव.

पुढचं काम पाणी कसलं होतं त्यावर. नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात पडून लगेच निघाली असेल तर पुसून वाळवलं तरी बहुधा भागतं. बाकी सगळ्याला धुवावं लागतं. भिजलेली चावी परत धुवायची म्हणजे लोकांना वेडेपणा वाटतो, पण समुद्राचं मीठ, चहातली साखर, वॉशिंग मशीनमधली पावडर नुसत्या वाऱ्यानं जात नाही. द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी करताना खिशात राहिलेली चावीही याच वर्गातली. औषधाचं पाणी आत जातं आणि पानावर पांढरे डाग पडतात तसे आत डाग सोडतं. घामही खारटच. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीत खांदा द्यायला उतरणार असशील तर चावी आधी आक्काजवळ दे. त्या गर्दीत चावी हरवते तरी, नाहीतर घामानं चिंब होते तरी.

धुवायला डिस्टिल्ड वॉटर आण. इन्व्हर्टरची बॅटरी विकणाऱ्या दुकानात बाटली मिळते. मागताना नाव घेऊन माग आणि लेबल वाच. नुसतं "बॅटरीचं पाणी द्या" म्हटलं आणि शेजारची ॲसिडची बाटली हातात आली असं व्हायला नको, आणि ॲसिड काय करतं ते तुला सांगायला नको. सेल काढलेली हिरवी पट्टी एका वाटीत त्या पाण्यात बुडव, हलकेच हलव, पाणी टाकून दे, परत एकदा कर. बटणांच्या आणि सेलच्या पत्र्यांच्या आजूबाजूला मऊ टूथब्रश अलगद फिरव. गुहागरला हे पाणी कुठून आणायचं? तिथं पिण्याच्या पाण्याची बाटली चालेल. समुद्राच्या मिठापेक्षा बाटलीतलं पाणी हजार पटीनं बरं. मुक्कामाच्या ठिकाणी आधी त्यानं धू, घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा धू. खाऱ्या पाण्याला मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

शेवटचं धुणं अल्कोहोलचं. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते आयपीए म्हणतात. 99 टक्क्यांचं घे. ते कोपऱ्यातलं पाणी आपल्यात ओढून घेतं आणि स्वतः झपकन उडून जातं. हात धुवायचं सॅनिटायझर त्याच्या जागी वापरू नकोस. त्यात पाणी असतं, ग्लिसरीन असतं, चिकट थर मागं राहतो. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांचं तर नावच काढू नकोस, प्लास्टिक आणि रबर विरघळतं. रबराची बटणं आणि वरचं कव्हर अल्कोहोलमध्ये न बुडवता साध्या पाण्यानं धुऊन वेगळी वाळव. आणि हे ऐक, कारण तुझं दुकान गलाईचं आहे: आयपीए बारा-तेरा अंशांवरसुद्धा पेट घेईल एवढी वाफ सोडतं, म्हणजे आपल्या हिवाळ्यातही ते धोक्याचंच. त्याची वाफ हवेहून जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या जाळावर पेटून मागं येते. भट्टी चालू असलेल्या खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ, देवाच्या समईजवळ ती बाटली उघडायची नाही. गच्चीवर जा, नाहीतर उघड्या अंगणात बस.

आता वाळवणं. तांदळाचा डबा सूनबाईच्या स्वयंपाकालाच राहू दे. तांदूळ ओल ओढतो ही समजूत खोलवर रुजली आहे, पण चावीच्या आत सांदीत अडकलेलं पाणी बाहेरचे तांदूळ ओढून आणत नाहीत, उलट तांदळाचं पीठ बारीक फटीत जाऊन ओलीत चिकटतं. ॲपल कंपनीनं 2024 च्या सुरुवातीला आपल्या ग्राहकांना हेच सांगितलं, भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात. लोकांची चावी तांदळात ठेवून बरी झाली असं वाटतं, ती खरं तर तेवढे दोन दिवस न वापरता पडून राहिली म्हणून वाळलेली असते. त्यापेक्षा पंखा. उघडी चावी ताटात पसर, टेबल फॅन लाव किंवा छताच्या पंख्याखाली ठेव, चार-सहा तासांनी उलटव. आपल्याकडची उन्हाळ्यातली कोरडी हवा या कामाला उत्तम, निसर्गानं आपल्याला पाऊस कमी दिला तरी वाळवण चांगलं दिलंय. कोकणात किंवा तुझ्याकडं पावसाळ्याच्या दमट हवेत हाच वेळ दुप्पट धर. बुटांच्या खोक्यांत, औषधांच्या बाटल्यांत निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नकोस. झाकणाच्या डब्यात मूठभर पुड्या आणि मधे उघडी चावी एक रात्र, पंख्यानंतर एवढं केलंस की राहिलेली ओलही जाते.

उष्णता नको. तव्यावर ठेवून, इस्त्री फिरवून, हीट गन मारून, हेअर ड्रायर तापता करून चावी वाळवणारे लोक आहेत. कव्हर वाकडं होतं, रबर सैल पडतं आणि पाणी वाफ होऊन आणखी आतल्या फटीत जाऊन बसतं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवायची युक्तीही तसलीच. वैशाखात बंद गाडी आतून किती तापते ते तुला ठाऊक आहे, आणि हे सेल साधारण 60 अंशांपर्यंतच्या गरमीसाठी केलेले असतात. सावली आणि वारा यांच्यावर भरवसा ठेव. साध्या पाण्याला एक दिवस, खाऱ्या पाण्याला धुऊन झाल्यावर दोन दिवस.

या दोन दिवसांत गाडी कशी चालवायची, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांना आधी पडतो. चावी मेली म्हणजे गाडी मेली असं नाही. पात्याच्या चावीत दार उघडणारा रिमोट वेगळा आणि गाडी सुरू करणारा तो तुकडा वेगळा, हे वर सांगितलं. रिमोट भिजून बंद पडला तरी पात्यानं दार उघड, चावी लॉकमध्ये घाल आणि फिरव. तुकडा शाबूत असेल तर गाडी सुरू होते. पात्यानं दार उघडल्यावर कधी कधी भोंगा बोंबलतो. घाबरून दार बंद करून पळू नकोस, चावी लॉकमध्ये घालून फिरवली की तो बहुधा गप्प बसतो. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीला दाराच्या मुठीशी चावीचं भोक असतं, कित्येक गाड्यांत ते छोट्या टोपणाखाली लपवलेलं असतं. आत बसून ब्रेक दाब, साध्या गिअरची असेल तर क्लचही दाब, आणि चावी थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाब. सेल नसला तरी कित्येक गाड्या एवढ्या जवळून चावी ओळखतात. काहींत टेकवायची जागा वेगळी असते, खोबणीत किंवा स्टेअरिंगच्या बाजूला. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पडून असतं, तेवढं एक पान यात्रेआधी वाचून ठेव आणि सूनबाईलाही दाखव. रात्री चिपळूणच्या पावसात वाचायला लागू नये.

ज्यांच्या जुन्या गाडीला बाजारातून सेंट्रल लॉक बसवलेलं आहे, त्यांचं काम आणखी सोपं. त्यांचा रिमोट फक्त दारांपुरता. पण त्यातल्या पुष्कळ रिमोटांत 12 व्होल्टचा बुटका सेल असतो, ओलीत तो अधिकच जोरानं खातो, म्हणून तिथं सेल काढायची घाई जास्त कर.

आणखी एक. चावी ओली असताना बटण आतल्या आत चिकटल्यासारखं होऊन ती स्वतःच इशारे पाठवू शकते. तू समुद्रात आणि वाळूत उभी केलेली गाडी आपोआप उघडी. म्हणून सेल काढल्यावर गाडीपर्यंत जाऊन चारी दारं आणि डिकी ओढून बघ, पात्यानं बंद कर.

वाळल्यावर जुना सेल परत घालू नकोस. नवा आण. त्याच्या अंगावर आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ सीआर 2032. पहिले दोन आकडे म्हणजे 20 मिलिमीटर रुंदी, पुढचे दोन म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी. दुकानदार 2032 नाही म्हणून 2025 देऊ लागला तर घेऊ नकोस. तो रुंदीला बसतो, पण जाडीला कमी पडतो आणि पत्र्याला नीट टेकत नाही. गाडी कधी ऐकते कधी ऐकत नाही. जुना सेल हातात घेऊनच दुकानात जा. घालताना कोरड्या कापडानं धर, घामाचे ठसे त्यावर नकोत. मोबाईलवरचा फोटो बघून अधिकची बाजू बरोबर कर. मग गाडीजवळ उभं राहून एकेक बटण दाब. लांबून उगाच पन्नास वेळा दाबत बसू नकोस. प्रत्येक दाबण्याला चावी नवा संकेत पाठवते, आणि गाडीच्या कानावर न पडता ती फार पुढं गेली तर दोघींचा मेळ तुटतो आणि तो परत जुळवावा लागतो. चावीवरचा लाल दिवा लागला म्हणजे गाडीपर्यंत संकेत गेलाच असंही समजू नकोस.

नाहीच चालली तर? सेलच्या पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवी पूड दिसतेय का बघ. ब्रशला आयपीए लावून घास, पत्रा वाकला असेल तर काडीनं किंचित उचल. तरीही एखादंच बटण मेलेलं असेल, तर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जा. तो भिंगाखाली पट्टी बघतो, बटणाचा खटका बदलून देतो, आणि हे काम नव्या चावीच्या मानानं फार स्वस्तात होतं. चावीवाल्याकडं किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला थेट गेलास तर नवीच चावी करायची गोष्ट निघते, तिला हजारो रुपये जातात आणि ती गाडीला ओळखायला लावायचं कामही वेगळं. त्या वाटेनं जायला लागलं तर जा, पण आधी दुरुस्ती करून बघ. आणि कुणाकडंही गेलास तरी खरं सांग: चावी भिजली होती, खाऱ्या पाण्यात भिजली होती, इतका वेळ होती, बटण दाबलं होतं की नव्हतं. टंच काढणाऱ्यापुढं दागिन्यात काय मिसळलंय हे लपवून जसा फायदा होत नाही, तसंच हे.

महापुराचं थोडं वेगळं. ऑगस्ट 2019 ला आणि जुलै 2021 ला कृष्णाकाठच्या गावांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या. आपण वर माळावर, पण सांगली, भिलवडी, अंकलखोप सगळीकडं आपली सोयरीक आहे. तिथं पुन्हा कधी अशी वेळ आली तर चावीच्या आधी गाडीचा विचार कर. पाणी गाडीच्या फरशीच्या वर गेलं असेल, तर चावी कोरडी खडखडीत असली तरी ती लॉकमध्ये फिरवायची नाही आणि स्टार्टचं बटण दाबायचं नाही. बॅटरीची वायर सोडायला लाव आणि टोईंगनं गॅरेजला ने. चालू करून बघितल्यामुळं इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर त्या नुकसानीवरून विमा कंपनीशी वाद होतात.

आता दुसऱ्या चावीचं. गाडी घेतली की कंपनी बहुधा दोन चाव्या देते, आणि आपली गलाईवाली माणसं दोन्ही एकाच कडीत अडकवतात. नाहीतर एक तिकडं परमुलखात, दुकानाच्या तिजोरीत, आणि माणूस गाडी घेऊन इकडं विट्यात. यात्रेच्या दिवसांत गल्लीत तमिळनाडूच्या, केरळच्या, आंध्रच्या नंबरप्लेटी दिसतात, त्यांतल्या किती जणांची दुसरी चावी शेकडो कोसांवर असते याचा विचार केलास तर घोर लागतो. तुझी गाडी तिकडं घेतलेली, कागदपत्रं तिकडं. इथं नवी चावी करायची म्हटली की मालकीचे कागद, ओळखपत्र, हरवली असेल तर पोलिसांतली नोंद, सगळं लागतं. म्हणून लांबच्या प्रवासाला दुसरी चावी बरोबर घे, पण तुझ्याजवळ ठेवू नकोस. सूनबाईच्या पर्समध्ये, झिप लॉकच्या छोट्या पिशवीत, सिलिका जेलची एक पुडी घालून. गुहागरला तू पाण्यात उतरलास तर ती पर्स किनाऱ्यावर असेल. वर्षातून एकदा दोन्ही चाव्यांनी गाडी सुरू करून बघ. कपाटात ठेवलेली चावी गरजेच्या दिवशी मेलेली निघणं फार वाईट. मेलेली चावीसुद्धा फेकू नकोस. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि एक नाही म्हटलं की पैसे अडतात. चावी बदलून देण्याचा विमा वेगळा जोडता येतो, हप्ता थोडा वाढतो, यंदा नूतनीकरण करताना एजंटला विचार.

पोरांची गोष्ट सगळ्यात शेवटी लिहितोय, पण चावी उघडशील तेव्हा ती सगळ्यात आधी आठव. ताटात काढलेला सेल रांगत्या पोराला गोळीसारखा दिसतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतली कातडी जाळायला लागतो. पोर हसतंखेळतं दिसलं तरी थांबायचं नाही, उलटी करायला लावायची नाही, केळं-भाकरी चारायची नाही. तडक मोठ्या दवाखान्यात, एक्स-रे असेल तिथं, आणि सेल गिळला असं आधी सांगायचं. काढलेला सेल दोन्ही तोंडांना चिकटपट्टी लावून उंच फळीवर ठेव.

आणि तुझ्या दुकानापुरतं एक. सर्किटांचं भंगार गलाईला येतं, त्यात जुन्या चाव्या, रिमोट, घड्याळं असतात आणि त्यांच्या पोटात हे सेल तसेच राहिलेले असतात. असा सेल जाळात गेला तर फुटतो, आणि मूस तापलेली असताना फुटला तर समोर बसलेल्याचे डोळे जातील. भट्टीवर बसणाऱ्या पोराला हा सेल ओळखायला शिकव: चपटा, चकचकीत, एका अंगावर अधिकची खूण आणि सीआर ही अक्षरं. भंगार आधी ताटात पसरून हातानं निवडायचं, निघालेले सेल झाकणाच्या प्लास्टिक बरणीत सुटे सुटे पट्टी लावून ठेवायचे आणि बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्याला द्यायची.